टाकायचं नाही

अठ्ठ्याण्णव साल होतं. पोट कापून माणूस बारीक होतो, हे गल्लीत कुणाला खरंसुद्धा वाटेना. पण डॉक्टरांनी अंबुबाईंना तंबीच दिली, "ऑपरेशनआधी दोन महिने बसून जेवायचं, फक्त एक वाटी. उभ्यानं एक घासही नाही!"

अंबुबाई हबकल्या. बंगळुरातल्या यशवंतपूरच्या या घरात लग्न होऊन आल्यापासून त्या सगळ्यांच्या मागून, ओट्याशी उभ्यानंच जेवत आल्या होत्या. पोरांच्या ताटातलं उष्टं, पातेल्याच्या बुडाचा भात, सकाळची भाजी. अन्न टाकायचं नाही, हा सासूबाईंचा दंडक. त्यातच गुडघे गेले, धाप लागायला लागली. शेवटी त्यांनी मन घट्ट केलं आणि त्या आपली वाटी संपली की स्वयंपाकघराकडे पाठ फिरवायला शिकल्या.

दोन महिन्यांत नऊ किलो उतरले. "सरी, ठीक आहे, सोमवारी ॲडमिट व्हा," डॉक्टर खूश होऊन म्हणाले. ही बातमी सुनेला सांगायला त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या. सौम्या ओट्याशी उभी राहून पोरांच्या ताटातला बिसिबेळे भात निपटत होती.

भरल्या तोंडानंच ती सासूकडे बघून हसली. "आत्ते, तुम्हाला सैल झालेले ब्लाऊज टाकू नका हं. मला आता बरोब्बर बसतात."