चौथं मिनिट

टेपच्या चौथ्या मिनिटाला चुलीपाशी पाठमोरी उभी असलेली बाई मान किंचित वळवते. ३ मार्च १९९४ला, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती वळली नव्हती. दुसऱ्यांदा तिचा कान दिसला, काल गाल. मी नोंद ठेवली आहे.

टेप प्रबोधने, माझ्या नवऱ्याने, कॅनडात काढली. युक्रेनहून तिथं वसायला आलेल्या पहिल्या लोकांचं गाव संग्रहालय म्हणून जपलंय. आतली माणसं जुने कपडे घालून त्याच काळात राहिल्यासारखी वावरतात.

इथे बेडोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये कॅनडाच्या इमिग्रेशनचे फॉर्म सहा महिने पडून होते. फक्त माझी सही राहिली होती.

"लॅबमध्ये पटापट निष्कर्ष काढतेस, घरचा रिपोर्ट मात्र पेंडिंग!" प्रबोध म्हणाला. "सरू, येतेस की नाही माझ्याबरोबर?"

मी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून टेप पुन्हा लावली.

चौथ्या मिनिटाला बाई पूर्ण वळली आणि थेट माझ्याकडे पाहू लागली.

माझे ओठ घट्ट मिटलेले होते. तिचे हलले, आणि खोलीत माझाच आवाज स्पष्ट ऐकू आला.

"येते मी."