घराण्याचा आवाज

धाकट्या सुनेला मुलगा झाला त्या वर्षी आजोबांचे पाय जमिनीवर नव्हते. महिन्याचं पोर श्वास घेताना घर्रघर्र आवाज करी, अगदी आजोबांसारखा. "माझ्यावर गेलाय. दवाखाना कसला करता?" ते सगळ्यांना दटावत.

सून ऐकेना, तेव्हा तेही तणतणत सोबत गेले. डॉक्टरीणबाईंनी बाळाला पालथं घातलं, तसा आवाज कमी झाला. मग घशात बारीक नळी घालून पाहिलं. "श्वासनलिकेच्या तोंडाचा भाग अजून मऊ आहे. दीडेक वर्षात घट्ट होईल, आवाज आपोआप जाईल. काळजी नको."

"मी काय सांगत होतो, सूनबाई?"

बाळ सुनेच्या खांद्यावर शांत झोपलं, तरी खोलीत घरघर चालूच होती. डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "आजोबा, जरा तुमचाही घसा बघू."

"माझं आता काय घट्ट व्हायचं राहिलंय? मला हात लावायचा नाही."

"बाबा, एकदा दाखवा ना," सून म्हणाली. तोवर ते दाराबाहेर पडले होते.

बाळाचा आवाज दीड वर्षाने गेला. आजोबा त्याआधीच, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या महिन्यात, घशातल्या गाठीने गेले.