आत गेलेला स्क्रू

टाळ जरा मांडीवर ठेवा, बाप्पा, आणि पुढे सरका. आपल्याच पट्ट्यातली गोष्ट सांगतो. जवळजवळ बसून ऐका.

निगडीत सदाशिवरावांच्या बंगल्यापुढे त्यांची जुनी फियाट पुन्हा बंद पडली होती. महाळुंग्याचा मेकॅनिक नवनाथ बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता.

"नवं पेट्रोल हिला मानवत न्हाई, काका. इथेनॉल मिसळत्यात ना. कार्बुरेटरला मोठा जेट टाकला, रबरं बदलली. तरी पाय काढला की मरतीय."

"भैरू, तुझ्याच हाताला गंज चढलाय!" सदाशिवराव हसले.

भैरू म्हणजे नवनाथचा बाप. तो कधीच देवाघरी गेला होता. काका लाडानं तसं म्हणतात, असं नवनाथ धरून चालायचा.

"विकून टाका म्हणते मी," पायरीवरून वासंतीकाकू म्हणाल्या.

"तुला विकेन, हिला नाही!"

नवनाथला हसू आलं नाही. पेट्रोल आणि हवेचं प्रमाण ठरवणारा बारीक स्क्रू पार आत गेला होता. इंजिनाच्या थरथरीनं स्क्रू सैल होतो. आवळला जात नाही. खाचेत ताजा ओरखडाही होता, आणि तो त्याच्या हत्याराचा नव्हता.

निवृत्त झाले तरी काका चाकणच्या कंपनीकडे चक्कर मारायला निघत. तिथल्या चौकात गाडी मेली, तर मागचा कंटेनर थोडाच थांबणार? लोक पेट्रोलला बोल लावून मोकळे होतील. कुणीतरी काकांच्या जिवावर उठलं होतं. आणि घरात तर दोघंच राहत होती.

"काकू, बॉनेट कुणी उघडतं का वो?"

"कोण उघडणार?" काकूंनी हात पदरात घेतले.

नवनाथनं मनात पांडुरंगाचा धावा केला. गाडी चालू करून, इंजिनाला कान देत स्क्रू हळूहळू बाहेर घेतला. ठोका संथ, एकसारखा पडू लागला. गाडी बंद करून त्यानं स्क्रूवर एम-सील दाबलं आणि ते दगडासारखं होईस्तोवर तिथून हललाच नाही.

"एवढं कशाला रे?" काकू दोनदा येऊन म्हणाल्या.

"आता कुनाच्या बापाला फिरायचा न्हाई," तो मुद्दाम मोठ्यानं बोलला.

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. ओठ हलले, पण काका शेजारीच उभे होते. नवनाथ काय ते समजला.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला.

"गाडी सुरू झाली रे, नवनाथ."

"व्हणारच! आन् काकू, स्क्रू तुमीच आवळत हुता. खरं का न्हाई?"

"हो. तुझं काम बघून बघून शिकले. किल्ली लपवली की हे अंगावर धावून येतात रे. गाडी रुसली की हसत घरात येतात. त्यांच्या तोंडावर तुला कसं सांगणार होते? पहाटेच गाडी घेऊन निघालेत, अजून आले नाहीत. त्यांना घरचा रस्ता आठवत नाही आता."

तेवढं, बाप्पा, घरी जाताना सदाशिवरावांची आठवण ठेवा.