पिशवीचं पुस्तक

“ते पुस्तक मिटा आधी,” डॉक्टर म्हणाले, “आणि इथं सही करा.”

मनिषानं पुस्तक मिटलं नाही. टेबलावर गर्भपिशवी काढायच्या ऑपरेशनचा संमतीचा कागद होता. त्यावर तिच्या नवऱ्याची, अभिमन्यूची, सही कालच होऊन गेली होती. पिशवी मनिषाची, पण पहिली सही नवऱ्याची. तिचं वय चोवीस, पदरात दोन लेकरं. दसरा झाला की नवराबायको ऊस तोडायला कर्नाटकात जाणार. पाळीचे चार दिवस म्हणजे चार खाडे, आणि खाडा मुकादमाला चालत नाही. म्हणून निघायच्या आधी बाईनं पिशवीच काढून टाकायची, घराला कुलूप घालावं तितक्या सहज. कुणाला त्यात काही वावगंही वाटत नाही!

पुस्तक गावच्या वाचनालयातलं होतं. बाईच्या आजारांवरचं, एका डॉक्टरीणबाईनं लिहिलेलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा सगळं मनिषाच्या डोक्यावरून गेलं. मग तिनं आपला सोनोग्राफीचा रिपोर्ट शेजारी ठेवला आणि एकेक ओळ बोटानं धरून पुन्हा वाचलं. जिथं अडलं तिथं कडेला पेन्सिलीनं बारीक अक्षरात प्रश्न लिहिला. आता ती तेच प्रश्न विचारत होती.

“तुमी म्हणता पिशवीला सूज हाय. रिपोर्टात तर पिशवी नॉर्मल लिहिलीय.”

“रिपोर्ट कळतो तुम्हाला?”

“आधी कळत नव्हता.” तिनं पान उलटलं. “अंगावरून पांढरं जातं, म्हणून कॅन्सर होईल म्हणालात. ह्यात लिहिलंय, बहुतेक वेळा ते औषधानं थांबतं. आन् कॅन्सरची शंकाच असली तर आधी पिशवीच्या तोंडाचं पाणी तपासायला पाठवतात. माझं कधी पाठवलं?”

आता यात चिडण्यासारखं काय होतं? तपासलं असलं तर हो म्हणायचं, नसलं तर नाही. पण डॉक्टर भडकले. बाहेर बाकड्यांवर नऊ बाया बसल्या होत्या, एकही पस्तिशीच्या पुढची नाही, आणि ही एकटीच दहा मिनिटं खात होती.

“पुस्तकं वाचून ऑपरेशन ठरत नसतं,” ते म्हणाले. “मावशी, समजवा तुमच्या सुनेला. उद्या काही झालं तर माझ्या दारात यायचं नाही.”

सासू कौशल्याबाई भिंतीला टेकून उभी होती. ती मघापासून धुमसतच होती.

“लई शानी झालीस का गं? मोठ्या मानसाला उलटं बोलतीस? आमी काय पुस्तकं वाचून पिशव्या काढल्या का? माझी ह्या डाक्टरच्या वडलांनीच काढलती, ह्याच दवाखान्यात. पंचवीस वर्षांची होते. डॉक्टरनं सांगितलं, काढली. दोन महिन्यांत डोक्यावर मोळ्या घेत होते. मेले का मी?”

मेली नव्हती, खरं आहे. पंचेचाळीसची असून साठीची दिसत होती, एवढंच.

मनिषाचाही आवाज चढला. “मग हे ऐका, आत्या,” म्हणत ती मोठ्यानं वाचायला लागली. “‘कमी वयात पिशवी आणि तिच्यासोबत अंडाशयंही काढली, तर अंगातून एकाएकी गरम वाफा निघतात. रात्रीची झोप उडते. हाडं ठिसूळ होतात, कंबर धरते. खाली बसलेल्या बाईला हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. काही कारण नसताना रडू येतं...’”

“बंद कर!” कौशल्याबाई ओरडली. दोन पावलांत ती टेबलाशी आली आणि तिनं पुस्तकावर पंजा आपटला. “माझं गाऱ्हानं कुनाला सांगितलंस तू? मी रडते ते चोरून बघितलंस, आन् पुस्तकात छापून आनलंस? सासूची बदनामी करतीस? लाज न्हाई वाटली?”

“मी कुणाला काय बी सांगितलं न्हाई, आत्या. हे पुस्तक छापून पंधरा वर्षं झाली. तवा मी तुमच्या घरात कुठं होते?”

“मग ह्या बाईला माझं कसं कळलं?”

“तुमचं एकटीचं न्हाई ते.”

कौशल्याबाईचा हात पानावर तसाच राहिला. अक्षरं तिला येत नव्हती. तरी तिनं त्या ओळींवरून एकदा बोट फिरवलं, मग परत फिरवलं.

डॉक्टरांनी बेल दाबली. “चला, पुढचा पेशंट येऊ द्या. तुमचं काय ते बाहेर बसून ठरवा.”

कौशल्याबाई बाहेर गेली नाही. पेशंटच्या स्टुलावर ती जड अंगानं बसली. वीस वर्षं ती नवऱ्यावर, लेकरांवर, नशिबावर आणि अलीकडं सुनेवर चिडत आली होती. आज पहिल्यांदा तिनं मान वर करून डॉक्टरांकडं बघितलं.

“साहेब, माझी का म्हून काढलती?”

“अहो मावशी, वीस वर्षांपूर्वीचं मी कसं सांगणार? मी शाळेत होतो तेव्हा.”

“मग बसा. तुमी बी ऐका.” ती सुनेकडं वळली. “पैल्यापासून वाच, मनिषा. मघासारखं भरभर न्हाई. सावकाश वाच. मी थांब म्हनलं की थांबायचं.”

मनिषानं बोट ओळीवर ठेवलं. “‘कमी वयात पिशवी...’”

“थांब,” कौशल्याबाई म्हणाली. “पंचवीस म्हंजे कमीच वय न्हवं का, साहेब?” आणि उत्तरासाठी ती डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत राहिली.