खांबोबा

"देवाची माती चुलीला? लाज न्हाई वाटत?" गहिनीनाथनं पुष्पावतीच्या डोक्यावरची पाटी हिसकली आणि वाटेवर पालथी केली. पुष्पावतीला आठवा महिना लागलेला. ती पोट सावरत बाजूला झाली. बाळंतिणीच्या खोलीत नवी चूल घालायची होती. खांबोबाच्या पायथ्याशी माती आपसूक गळून पडलेली दिसली, तिनं ती भरून घेतली. एवढाच तिचा गुन्हा.

पण गहिनीनाथ खांबोबाचा पुजारी. बोकडाचं मुंडकं त्याचं, नारळाचं अर्धं भकल त्याचं. त्यानं बोंब ठोकली आणि घटकाभरात अख्खी वाडी रेल्वेच्या बांधाखाली गोळा झाली.

रेल्वेचा बांध म्हणायचा आपला! नेवाशाच्या अंगानं रेल्वे न्यायची म्हणून अठराशे शहाण्णवच्या दुष्काळात सरकारनं उपाशी लोकांकडून हा भराव घालून घेतला. पुढं पाऊस झाला, साहेबाचे तंबू उठले, मजूर आपापल्या मुलखाला गेले, आणि काम थांबलं ते थांबलंच. आता सेहेचाळीस साल उजाडलं, तरी एक रूळ आला नाही. देव मात्र आला. भरावासाठी माती काढलेल्या खड्ड्यात मधोमध पुरुषभर उंचीचा मुरमाड मातीचा खांब होता, शेंदरानं लालभडक. तो कुणी उभा केला, कुणालाच ठाऊक नाही. मग स्वयंभू म्हणायचं आणि हात जोडायचे. विचारायला कुणाच्या बापाचं काय जात होतं? पण नाही विचारलं.

श्रीमंत पाटलानं निवाडा द्यायला वेळ लावला नाही. "सव्वा महिना हिला विहीर बंद. कोनी तांब्याभर पानी द्यायचं न्हाई. मग बोकड कापून देवाची शांत करायची."

चैत्राचं ऊन. दुसरं पाणी दोन कोसांवर. बायांनी पदर तोंडाला लावले. पुष्पावतीचा नवरा छगन बैल घेऊन घोडेगावच्या बाजाराला गेलेला. तो असता तरी काय दिवे लावणार होता!

तेवढ्यात तिची सासू लंकाबाई बांध उतरून आली. साठीची बाई, खांद्यावर टिकाव.

"पाटील, दोन कोस घागर वाहिली तर वाटंतच बाळंत हुईल माझी सून. दोन जीव जातील. कशापायी? ह्या ढेकळापायी?"

"म्हातारे, जीभ झडंल तुजी!" गहिनीनाथ ओरडला.

"झडू दे. ह्याला पयला शेंदूर मी फासलाय. ह्याच हातानं. दहा वर्सांची हुते मी."

लंकाबाईनं मग एका दमात सांगून टाकलं. दुष्काळी कामावर एकेका टोळीला एकेक खड्डा नेमून दिलेला असे. खणताना मधे मातीचा एक खांब तसाच सोडायचा. जमीन मुळात किती उंच होती, ते त्या खांबावरनं कळायचं. साहेब खांब मोजायचा आणि त्यावरनं काम धरून मजुरी द्यायचा. खांब ढासळला, की खणलेलं सगळं पाण्यात आणि टोळी उपाशी. म्हणून जळके लोक दुसऱ्यांचे खांब पाडून ठेवायचे. लंकाच्या टोळीतले बाकीचे पटकीनं आडवे झाले, तेव्हा उरलेला खड्डा तिच्या आईनं एकटीनं पुरा केला. मोजणी दुसऱ्या दिवसावर होती. त्याच सांजेला आई गेली. तिला मूठमाती द्यायला जाताना मागं कुणी खांब पाडू नये, म्हणून पोरीनं मारुतीपुढचा शेंदूर चोरून आणला आणि फासला. दुसऱ्या दिवशी कारकून आला तो काम बंद झाल्याचं सांगायला. मोजणी राहिली ती राहिलीच.

"थापा!" गहिनीनाथच्या तोंडाला फेस आला. "खरं असंल तर घाल टिकाव. बघू, हात जाग्यावर ऱ्हातो का!"

लंकाबाई खड्ड्यात उतरली. खांबासमोर क्षणभर थांबली. मग तिनं टिकाव उचलला आणि घातला. बायांनी किंकाळ्या फोडल्या. दुसरा घाव, तिसरा. वर्षावर्षाच्या शेंदराचं जाड कवच खपलीसारखं सुटून पडलं. आत माती. नुसती माती, भाकरीच्या रंगाची. पाचव्या घावाला खांब कमरेतनं मोडला. लंकाबाईचा हात जागच्या जागी होता.

"पुष्पे, घागर घे आन् विहिरीवर जा," ती ओरडली. "कोन आडवतो ते बघते मी."

पुष्पावती निघाली. पाटलानं बाजूला होऊन वाट दिली. गहिनीनाथ पडल्या मातीकडं बघत उकिडवा बसला. एकेक करून माणसं पांगली.

पाटील तेवढा मागं राहिला. खड्ड्याच्या कडेला येऊन त्यानं हलक्या आवाजात विचारलं, "लंकाकाकू, तुला ठावं हुतं की ह्यो देव न्हाई. निवद तर दर साली दावत हुतीस. पन्नास वर्सं गप का बसलीस?"

"देव हाय म्हनून कोनी पाडनार न्हाई, एवढ्यासाठी." लंकाबाई मोडक्या खांबापाशी खाली बसली. "कवातरी साहेब यील, माझ्या आईचं खनलेलं मोजील, असं वाटायचं. आता आला, तर कशावरनं मोजंल रं?"