गच्चीची किल्ली

"झोप कशी आहे, मावशी?"

"कुठली झोप! तीनला उठते. मग डोळा लागत नाही. नुसती कूस बदलत राहते."

वेदिकानं चौकटीत दोनचा आकडा लिहिला. मागच्या खुर्चीवर मनाली बसली होती. तीनला तीही जागी असायची, आईचा श्वास ऐकत पडलेली. तो नेहमी संथ असायचा. म्हणजे आई झोपेचं सोंग घेत होती.

नाशिकच्या त्या मानसोपचार रुग्णालयात नैराश्यावरच्या एका नव्या गोळीचा अभ्यास चालू होता. वडील सातपूरच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि चार महिन्यांत गेले. त्यानंतर आई, यशोदाबाई, भिंतीकडे तोंड करून ज्या निजल्या त्या उठेनात. मनालीनंच त्यांना या अभ्यासात घातलं. संमतीपत्रावर आईच्या सहीखाली साक्षीदार म्हणून तिची सही होती. सातव्या पानावर एक ओळ होती : काही रुग्णांमध्ये जीव देण्याचे विचार वाढू शकतात. ती ओळ वाचून मग तिनं सही केली होती.

पहिले पाच आठवडे आजाराचे आकडे उतरत गेले. नंतरचे तीन आठवडे चढत गेले. घरी तर आई बरी दिसत होती. भाजी निवडायची, नळावरून शेजारणीशी भांडायची. दर आठवड्याला प्रश्न विचारून नोंदी करणाऱ्या वेदिकाला हे कोडं सुटेना, म्हणून आज तिनं मनालीलाही आत बसवलं होतं.

"आजही असाच आकडा आला तर डॉक्टर त्यांना अभ्यासातून काढून भरती करतील," ती बाहेर हळूच म्हणाली होती. "आणि ताई, मध्ये बोलायचं नाही. उत्तर पेशंटच्याच तोंडचं हवं. नियम आहे."

"रडू येतं, मावशी?"

"मोरीत नळ सोडते आणि रडते."

मनाली दचकली. नळाची युक्ती आपल्या एकटीचीच आहे असं तिला वाटत होतं.

"भूक?"

"खात नाही. अर्धी पोळी पानात तशीच ठेवते. आणि तू गं? किती वाळलीयेस. लग्न ठरलं की काय?"

वेदिका हसली. मनालीला हसू आलं नाही. ज्यांनी मनाशी ठरवून टाकलेलं असतं ती माणसं शेवटी शेवटी अशीच हलकी होतात, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं.

"पूर्वी आवडायच्या गोष्टींत मन लागतं?"

"वंदनेला बसत नाही. बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्तीसुद्धा लावत नाही."

वेदिकानं पान उलटलं. आवाज खाली आणला. "जगू नये असं वाटतं?"

यशोदाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"टाकी बघायच्या नावानं गच्चीवर जाते. कठड्याला टेकून खाली बघते. लय वेळ बघते."

पेन थांबलं. मग वेदिकानं चार लिहिले. "मावशी, आज घरी नाही जायचं हं. मी डॉक्टरांना बोलावते."

गच्चीच्या दाराला कुलूप मनालीनंच घातलं होतं, आई आजारी पडली त्याच आठवड्यात. तिनं पर्स चाचपली. किल्ली होती. म्हणजे आईनं दुसरी करून घेतली? कधी? कुणाकडून? नियम विसरून ती उठली.

"हे शक्य नाही. किल्ली एकच आहे आणि ती माझ्याकडे असते. आई, तू गच्चीवर गेलीस कशी?"

यशोदाबाई मागे वळल्या. एवढ्या वेळात पहिल्यांदाच.

"मी कुठं गेले? या गुडघ्यांनी मी गच्चीच्या दारापर्यंत पोचते तेच पुष्कळ. गच्चीवर तू जातेस."



"पण मावशी," वेदिका म्हणाली, "मी तर तुमचं विचारत होते."

"माझं काय विचारायचं? मला लागू पडली तुमची गोळी. हिला म्हटलं, तूही दाखव, तर म्हणते, मला काय धाड भरलीय. तू बरी आपुलकीनं विचारतेस, लिहून घेतेस. म्हटलं, हिचं कुठंतरी लिहिलं जाऊ दे. तीन आठवडे तेच सांगतेय. 'मी' म्हटलं का एकदा तरी?"

वेदिका मागची पानं उलटू लागली. झोपत नाही. खात नाही. नळ सोडते आणि रडते. मावशींचे शब्द तिनं जसेच्या तसे उतरवले होते. एकाही ओळीत 'मी' नव्हतं.

मनालीला सांगायचं होतं की कठड्यावरून ती फक्त रस्ता बघते. स्वतःला ती रोज तेच सांगायची.

"ही वर असते तोवर मी जिन्याच्या वरच्या शेवटच्या पायरीवर बसून असते," यशोदाबाई वेदिकाला म्हणाल्या. "ही माघारी वळली की भिंत धरत खाली येते, हिला दिसायच्या आत."

मग त्यांनी लेकीपुढं हात पसरला.

"आण ती किल्ली इकडं."