दारातच की आत

शिवानी उमरग्याला सासरी बसून एका कंपनीची ईमेल यंत्रणा सांभाळायची. काम सुरू झालं की सासूबाई तिचा मोबाईल आपल्याकडं घ्यायच्या आणि खोलीला बाहेरून कडी घालायच्या. सुनेचं लक्ष ढळायला नको म्हणून.

"स्पॅम दारातच अडवू, सर," ती कानाला हेडफोन लावून सांगत होती. "चुकून कामाचा मेल अडला, तरी पाठवणाऱ्याला तो परत आल्याचं कळतं. आत घेऊन बाजूला टाकला, तर त्याला वाटतं पोचला."

"दारातून परत पाठवलं की लोक भांडायला येतात," सर म्हणाले. "आत घ्या आणि गपचूप बाजूला टाका."

हुकूम तो हुकूम. तिनं हेडफोन काढला, तर ओसरीतून भावाचा आवाज आला.

"येतो, मावशी. अव्वा लई आजारी हाय, सारखं लेकीचंच नाव घेतीय. शिवानी आली की तेवढं सांगा. तुमच्याशी बोलून जिवाला बरं वाटलं."

"सांगते की. सावकाश जावा."

शिवानी दार बडवत राहिली, पण बाहेर मोटारसायकल सुरू झाली होती. मोटारसायकलचा आवाज गल्लीत विरल्यावर कडी निघाली.

"कोण आलं होतं, आत्याबाई?"

सासूबाईंनी चहाच्या दोन कपबशा उचलल्या.

"कुणी न्हाय. झालं का तुझं काम?"